नावं ठेवलेला श्वास

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत फरक फक्त एका अनुस्वाराचा. बारशाला बाळाचं नाव ठेवतात, एरवी लोक एकमेकांना नावं ठेवतात. वैद्यकाच्या इतिहासात हा अनुस्वार कधीकधी कुणाच्या लक्षात न येता सरकतो. डॉक्टर आजाराला नाव द्यायला बसतात आणि आजारी माणसाला नावं ठेवून उठतात.

ही गोष्ट अशाच एका आजाराची आहे. त्याचं आज जास्त प्रचलित असलेलं नाव व्होकल कॉर्ड डिसफंक्शन, थोडक्यात व्हीसीडी. दिसायला दम्यासारखा, ऐकायला दम्यासारखा, पण दमा नव्हे. पुस्तकात त्याची पहिली नोंद १८४२ सालची. तो नीट ओळखला गेला १९८३ साली. मधली १४१ वर्षं काय झालं, ते समजून घेणं आज सांगोल्यासारख्या गावातही उपयोगाचं आहे.

सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला माणदेश. पावसाची ओढ, बहुतेक वर्षभर कोरडं असणारं माण नदीचं पात्र, डाळिंबाच्या बागा आणि उन्हाळ्यात घराघरांत शिरणारी धूळ. याच माणदेशातली, पण साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या पट्ट्यात पळणं म्हणजे नुसता व्यायाम नसतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि किती सेकंद लागले त्यावर गुण मिळतात. त्या सेकंदांवर कुणाचं शिक्षण, कुणाचं लग्न, कुणाच्या घरावरचं कर्ज अवलंबून असतं.

समजा, अशी तयारी करणारी एक मुलगी आहे. पहिला निम्मा टप्पा व्यवस्थित जातो. वेग वाढवला की घसा आवळल्यासारखा होतो. श्वास आत घेताना कर्कश, शिट्टीसारखा आवाज येतो. हवा आत जातच नाही असं वाटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती थांबते. पाचेक मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९८. तिला दम्याचा पंप मिळतो. फरक पडत नाही. पंप बदलतो, डोस वाढतो, गोळ्या सुरू होतात. तरी फरक नाही. मग कुणीतरी म्हणतं, “भरतीचं टेन्शन घेतलंय तिनं.” आणि आणखी कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, “सोंग करते.”

ही मुलगी काल्पनिक आहे. ‘सोंग’ हा शब्द मात्र काल्पनिक नाही. या आजाराच्या इतिहासात तो वेगवेगळ्या भाषांत, कधी ग्रीक तर कधी जर्मन वेष घेऊन, पुन्हा पुन्हा येतो.

दाराचं काम

आधी गळ्यात काय आहे ते पाहू. गळ्यावर समोरून बोट ठेवून आवंढा गिळला तर जो कडक भाग वर-खाली होतो, तिथे आत स्वरयंत्र असतं. त्यात दोन स्वरतंतू. बोलताना ते जवळ येऊन थरथरतात आणि आवाज होतो. श्वास घेताना ते दोन बाजूंना सरकतात आणि वाट मोकळी करतात. नावात ‘स्वर’ असल्यामुळे आपल्याला वाटतं, याचं मुख्य काम बोलणं-गाणं. ते तसं नाही. व्हिक्टर नेगस या इंग्रज शल्यविशारदानं अनेक प्राण्यांच्या गळ्यांचा अभ्यास करून १९२९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलं म्हणणं असं, की स्वरयंत्र मुळात एक दार आहे. अन्नपाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून ते तिथे आलं. आवाज ही पुढची कमाई.

हे दार किती जागरूक असतं, ते फोडणीत मिरची करपली की घरातल्या सगळ्यांना एकदम कळतं. ठसका म्हणजे दारानं केलेली राखण.

व्हीसीडीमध्ये हे दार नको त्या वेळी मिटतं. श्वास आत घेताना स्वरतंतू दूर जाण्याऐवजी जवळ येतात. मागच्या बाजूला एक छोटी फट तेवढी उरते. तिच्यातून हवा ओढली जाते, म्हणून तो आवाज. दम्यात अडथळा खाली छातीत, फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांत असतो आणि त्रास मुख्यतः श्वास बाहेर सोडताना होतो. इथे अडथळा वर, गळ्यात असतो आणि त्रास मुख्यतः आत घेताना होतो. दम्याचा पंप खालच्या नळ्या सैल करतो. वरचं दार उघडणं हे त्याचं कामच नाही.

धाप एक, कारणं अनेक, हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. चरकसंहितेत श्वासाच्या विकारांचे पाच प्रकार सांगितले आहेत: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यातल्या तमक श्वासाचं वर्णन आजच्या दम्याच्या जवळ जातं. पण एकाच्या धापेत आणि दुसऱ्याच्या धापेत फरक करायचा तर ऐकावं लागतं, विचारावं लागतं आणि जमलं तर आत डोकावून पाहावं लागतं. डोकावण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती.

न पाहता ठेवलेलं नाव

रॉबली डंग्लिसन हा जन्मानं इंग्रज डॉक्टर अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवायला गेला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा तो डॉक्टर होता. १८४२ साली त्यानं वैद्यकावरच्या आपल्या ग्रंथात एका विकाराची नोंद केली. यात गळ्यातले स्नायू आवळतात आणि श्वास अडतो. त्यानं नाव दिलं ‘हिस्टेरिक क्रूप’. क्रूप म्हणजे लहान मुलांना होणारा, भुंकल्यासारखा खोकला येणारा घशाचा आजार. आणि हिस्टेरिया हा शब्द ग्रीकमधल्या गर्भाशय या अर्थाच्या शब्दावरून आलेला. म्हणजे नावातच ठरलं: हा बायकांचा, मनाच्या दुबळेपणाचा आजार.

गळ्यातले स्नायू आवळतात हा डंग्लिसनचा अंदाज बरोबर होता. पण जिवंत माणसाच्या गळ्यातलं दार त्या काळी दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते एवढंच, की रुग्ण घाबरलेली आहे. श्वास कोंडलेला माणूस घाबरणारच. घाबरणं हा परिणाम होता, नावात ते कारण होऊन बसलं.

ते दार पहिल्यांदा नीट पाहिलं ते डॉक्टरनं नव्हे, गाण्याच्या मास्तरानं. मानुएल गार्सिया हा स्पॅनिश गायकांच्या घराण्यातला. त्याच्या हाताखाली युरोपातले नामांकित गायक शिकले. जेनी लिंड ही स्वीडिश गायिका आवाज बिघडल्यामुळे त्याच्याकडे आली, तेव्हा त्यानं तिला आधी काही आठवडे गप्प बसवलं आणि मग शिकवलं, असं सांगतात. आवाज निघतो कसा, हे डोळ्यांनी पाहायचं त्याच्या मनात होतं. १८५४ साली पॅरिसमध्ये पालै रोयालच्या आवारात फिरताना उन्हाची तिरीप पाहून त्याला कल्पना सुचली. दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्यानं विकत आणला, गरम पाण्यात बुडवून घशाच्या मागच्या बाजूला धरला आणि दुसऱ्या हातातल्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. समोर त्याचेच स्वरतंतू उघडझाप करत होते.

एवढ्या शोधाला लागलं काय, तर दोन आरसे आणि ऊन. सांगोल्यात यातल्या कशाचाच तोटा नाही.

१८५५ साली गार्सियाचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. डॉक्टरांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. दोन-तीन वर्षांनी व्हिएन्नात लुडविग ट्यूर्क आणि पेस्टमध्ये योहान चेर्माक यांनी हा आरसा रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. चेर्माकनं उन्हाऐवजी दिव्याचा उजेड घेतला आणि मग घशाचं स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. गार्सिया पुढे १०१ वर्षं जगला आणि १९०६ साली लंडनमध्ये वारला.

पाहूनही न बदललेलं नाव

१८६८ साली ऑस्टिन फ्लिंट या अमेरिकन डॉक्टरनं गळा आवळून श्वास अडण्याच्या दोन रुग्णांची नोंद केली. दोघेही प्रौढ पुरुष होते. गर्भाशयावरून नाव पडलेल्या आजारात दोन पुरुष निघाल्यावर नावाचा फेरविचार व्हायला हवा होता. तो झाला नाही.

पुढच्याच वर्षी, १८६९ साली, लंडनमध्ये मोरेल मॅकेन्झीनं आरशातून प्रत्यक्ष पाहिलं. श्वास आत घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू उलट मिटत होते. आजच्या डॉक्टरला निदानासाठी जे दिसावं लागतं, तेच. पण ज्यांच्या गळ्यात ते दिसलं त्यांच्या कागदावर शब्द राहिला तोच: हिस्टेरिया. विल्यम ऑस्लर हा त्या पिढीतला वैद्यकाचा सर्वांत मोठा शिक्षक. त्यानंही १९०२ साली आपल्या पाठ्यपुस्तकात श्वास घेताना आणि सोडताना निघणाऱ्या विचित्र आवाजांचं आणि गळ्याच्या आकडीचं वर्णन केलं. तेही हिस्टेरियाच्या प्रकरणात.

आजार त्या प्रकरणात जाऊन बसला आणि तिथेच राहिला. छातीचे डॉक्टर ते प्रकरण वाचत नसत, आणि मनाचे डॉक्टर घशात आरसा घालत नसत.

विसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग छातीच्या डॉक्टरांसाठी क्षयाचा होता. सांगोल्याच्या माणसाला हा इतिहास परका नाही, कारण मोठ्या दुखण्याला मिरज गाठायची ही इथली जुनी वाट. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळमार्ग पंढरपूरहून सांगोल्यावरून मिरजेपर्यंत पोचला. मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. अशीच आरोग्यधामं जगभर होती. त्यातलं एक अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात होतं. नॅशनल ज्युइश हे रुग्णालय १८९९ साली गरीब क्षयरोग्यांवर फुकट उपचार करण्यासाठी सुरू झालं. क्षयावर औषधं निघाल्यावर ते दम्याकडे आणि फुप्फुसांच्या इतर आजारांकडे वळलं. आपल्या गोष्टीला वळण मिळालं ते तिथेच.

त्याआधी मात्र आणखी एक नाव ठेवायचं राहिलं होतं.

१९५१ साली रिचर्ड आशर या ब्रिटिश डॉक्टरनं खोटी दुखणी सांगत रुग्णालयामागून रुग्णालयं फिरणाऱ्या माणसांविषयी लिहिलं. जर्मन कथांमधल्या थापाड्या बॅरन मुंचहाउझेनवरून त्यानं या प्रकाराला नाव दिलं. १९७४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ३३ वर्षांच्या बाईविषयी लेख लिहिला. श्वास अडतो म्हणून ती १५ वेळा रुग्णालयात भरती झाली होती. तिच्या गळ्यात दुर्बिणीतून मिटलेले स्वरतंतू दिसले. लेखाच्या मथळ्यात आजाराला नाव दिलं ‘मुंचहाउझेनचा स्ट्रायडर’. स्ट्रायडर म्हणजे गळ्यातून येणारा कर्कश श्वास. १८४२ साली बाई दुबळी होती, १९७४ साली ती थापाडी झाली.

पाच रुग्ण

तोवर डोकावण्याची साधनं बदलली होती. १९६८ साली जपानमधल्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी नाकातून घशात सोडता येईल अशी लवचीक दुर्बीण वापरली. आरसा धरला की रुग्णाला जीभ बाहेर काढून बसावं लागे आणि उबळ येई. लवचीक दुर्बीण आत असताना माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. म्हणजे झटका चालू असतानाही पाहता येतं. हे शेवटचं वाक्य या आजारात फार महत्त्वाचं आहे, कारण दोन झटक्यांच्या मधल्या वेळात स्वरतंतू अगदी शहाण्यासारखे वागू शकतात.

३० जून १९८३ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये केंट क्रिस्टोफर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. डेन्व्हरच्या त्या रुग्णालयात पाच रुग्ण असे होते, की त्यांचा ‘दमा’ कशानंच आटोक्यात येत नव्हता. डॉक्टरांनी झटका चालू असताना फुंकरीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. अडथळा छातीत नाही, छातीच्या वर आहे असं आलेखावरून दिसलं. मग झटका चालू असतानाच दुर्बीण घातली. स्वरतंतू मिटलेले, मागे छोटी फट. मॅकेन्झीनं ११४ वर्षांपूर्वी पाहिलेलं दृश्य.

फरक पडला तो पुढे. त्या गटात फ्लॉरेन्स ब्लेगर या वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या. मुलांना उच्चार शिकवणं, आवाज बसलेल्यांना आवाज परत मिळवून देणं हे या पेशाचं नेहमीचं काम. इथे त्यांच्याकडे श्वास सोपवला गेला. घशावरचं लक्ष काढून पोटानं श्वास घ्यायचा, श्वास ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं, गळा आवळतोय असं वाटताच काय करायचं ते आधीच सरावानं अंगी बाणवायचं. जोडीला मानसोपचार. ज्यांना औषधांच्या राशीनं आराम पडला नव्हता, त्यांना या साध्या उपायांनी पडला.

गार्सिया गाण्याचा मास्तर, ब्लेगर वाचा-उपचारतज्ज्ञ. गळा कसा चालतो याचा रोजचा अनुभव असलेल्या दोघांमुळे ही गोष्ट पुढे सरकली. हा योगायोग नाही. डॉक्टरांनी विचारलं, ही बाई अशी का वागते? या दोघांचा प्रश्न वेगळा होता: हा गळा अशा वेळी काय करतो?

मनाचा संबंध १९८३ च्या लेखानं नाकारला नाही, हेही सांगायला हवं. ताण आणि भीती यांनी काहींचा त्रास वाढतो, आणि मानसोपचाराचा फायदाही होतो. पण ‘मनाचा संबंध आहे’ आणि ‘मुद्दाम करते’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. परीक्षेला जाताना ज्याला जुलाब होतात, त्याचं पोट सोंग करत नसतं.

चुकीची किंमत

ही चूक किती महाग पडत होती, ते १९९५ साली त्याच रुग्णालयातल्या न्यूमन आणि सहकाऱ्यांनी मोजलं. दुर्बिणीनं सिद्ध झालेले व्हीसीडीचे ९५ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातल्या ४२ जणांना दमा मुळीच नव्हता, तरी सरासरी ४.८ वर्षं त्यांच्यावर दम्याचे उपचार झाले होते. बरेच जण रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. काहींच्या श्वासनलिकेत झटक्याच्या वेळी नळीही घातली गेली होती. स्टेरॉइड हे दम्यात जीव वाचवणारं औषध आहे. पण जो आजारच नाही त्यासाठी वर्षानुवर्षं रोज गोळ्या घेतल्या तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

याच अभ्यासातली दुसरी बाजू तितकीच मोलाची. उरलेल्या ५३ जणांना व्हीसीडी आणि दमा दोन्ही होते. म्हणजे ‘दमा की व्हीसीडी’ हा प्रश्नच कधीकधी चुकीचा असतो. दोन्हीही असू शकतात, आणि मग पंप बंद करून चालत नाही.

पळणाऱ्यांकडे सगळ्यांत नीट पाहिलं ते नॉर्वेत. बर्गेनमधल्या हाइमडाल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक चाचणी मांडली: डोक्यावर बसवलेल्या पट्ट्याला लवचीक दुर्बीण अडकवून माणसाला ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवायचं आणि सगळा वेळ त्याचं स्वरयंत्र पडद्यावर पाहायचं. त्यात आढळलं, की अनेकांत स्वरतंतू नव्हे, तर त्यांच्या वरचा भाग आत ओढला जाऊन वाट अडवतो. स्वीडनमधल्या उपसाला शहरात १३ ते १५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पळताना गळ्याची वाट अडण्याचं प्रमाण ५.७ टक्के असावं असा अंदाज निघाला. साध्या शाळकरी मुलांत हे प्रमाण थोडं नाही.

नावही बदललं. २०१३ साली युरोप-अमेरिकेतल्या छातीच्या आणि घशाच्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून ठरवलं, की याला ‘इंड्यूसिबल लॅरिंजिअल ऑब्स्ट्रक्शन’ म्हणावं. मराठीत सांगायचं तर ‘कशानं तरी चाळवलं जाणारं स्वरयंत्राचं अडणं’. बोजड नाव आहे. पण त्यात बाई नाही, गर्भाशय नाही, थापाड्या बॅरन नाही. काय अडतं आणि कसं, एवढंच आहे. आजाराला नाव ठेवायला १७१ वर्षं लागली.

सांगोल्यातून पाहताना

नाकातून घशात जाणारी दुर्बीण प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. सांगोल्याहून कान-नाक-घशाच्या मोठ्या विभागासाठी सोलापूर किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. पण संशय यायला दुर्बीण लागत नाही. संशय प्रश्नांनी येतो.

त्रास श्वास आत घेताना होतो की बाहेर सोडताना? आवळल्यासारखं कुठे वाटतं, छातीत की गळ्यात? पळताना त्रास ऐन वेगात असताना होऊन थांबल्यावर काही मिनिटांत जातो, की थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी वाढतो? पहिलं गळ्याकडे बोट दाखवतं, दुसरं दम्याकडे. पंपाचा खरंच उपयोग होतो का? आवाज बसतो का, घशात काही अडकल्यासारखं वाटतं का? धूर, अगरबत्ती, अत्तर, फवारणीचा वास, करपलेली मिरची यांनी झटका येतो का? डॉक्टरनं स्टेथोस्कोप छातीबरोबर गळ्यावरही टेकवला, तर आवाज कुठे मोठा येतो ते कळतं.

यातल्या एकाही उत्तरानं निदान पक्कं होत नाही, आणि घरी बसून तर मुळीच करू नये. पहिल्यांदाच श्वास अडला असेल, ओठ-जीभ सुजली असेल, अंगावर गांध्या उठल्या असतील, ओठ निळे पडले असतील, लहान मुलाच्या घशात काही अडकल्याची शंका असेल किंवा शेतात फवारणीनंतर त्रास सुरू झाला असेल, तर थेट रुग्णालय. आणि चालू पंप किंवा स्टेरॉइड आपल्या मनानं थांबवायचं नाही. दमा खरोखर नाही हे डॉक्टरांनी ठरवल्यावर ते औषध टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

उपचाराचा कणा आजही ब्लेगर यांचाच आहे. खांदे सैल सोडायचे, जीभ खालच्या दातांमागे ठेवायची, ओठांचा चंबू करून लांब फुंकर सोडायची, मग फुलाचा वास घ्यावा तसा नाकानं छोटा श्वास घ्यायचा. हे त्रास नसताना दिवसातून अनेकदा करायचं, म्हणजे झटक्यात आठवावं लागत नाही. जोडीला आम्लपित्त वर येत असेल, सर्दी घशात उतरत असेल तर त्यावर औषध. ज्यांना मुख्यतः पळतानाच त्रास होतो, त्यांच्यासाठी वेगात असताना श्वास कसा घ्यावा याची वेगळी तंत्रं आता शिकवली जातात.

इथे आपल्याकडे हमखास येणारा सल्ला म्हणजे “प्राणायाम कर.” सल्ला वाईट नाही, पण अपुरा आहे. उज्जायीत तर गळा मुद्दाम आवळून श्वास आत घेतात. ज्याचा गळा आधीच न सांगता आवळतो, त्याला नेमकं काय शिकवायचं ते गळा जाणणाऱ्यानंच ठरवावं. असे जाणकार आपल्याकडे आहेत. म्हैसूरला वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९६५ साली सुरू झाली. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ साली, म्हणजे डेन्व्हरचा तो लेख आला त्याच वर्षी. तिथे शिकलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे आपण तोतरं बोलणारं मूल नेतो. अडणारा श्वासही त्यांच्याकडे नेता येतो, हे मात्र अजून फारसं कुणाला ठाऊक नाही.

राहिला प्रश्न झटका दाखवायचा कसा. या आजाराचं सगळं भांडण तिथेच आहे. मैदानावर श्वास अडतो आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सुटतो. समोर बसलेल्या डॉक्टरला स्वच्छ छाती दिसते आणि रुग्णाच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसतो. गार्सियाच्या आरशाला ऊन लागायचं. तुमच्या हातात आत्ता ज्याच्यावर तुम्ही हे वाचताय, त्याला तेही लागत नाही. धोक्याची लक्षणं नसतील आणि सोबत दुसरं कुणी असेल, तर त्या कुणीतरी झटका चालू असताना एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा. चेहरा आणि मान दिसू दे, आवाज नीट ऐकू येऊ दे. त्यानं निदान पक्कं होणार नाही. पण श्वास आत जाताना आवाज येतोय की बाहेर येताना, एवढं डॉक्टरला ऐकू येईल. आणि ‘सोंग’ म्हणण्याआधी ऐकायला काहीतरी असेल.